ब्रेकवरचा उजवा पाय

मोटार शिकवणारी बाई म्हणून तिला सगळे ओळखत. शिकायला येणारे वयाने मोठे असोत की लहान, तिला ताईच म्हणत, तेव्हा आपणही ताईच म्हणू. पन्नाशीला टेकलेली, अंगाने सडसडीत, आवाज खणखणीत. ड्रायव्हिंग स्कूलच्या लहानशा पांढऱ्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि आपल्या पायाशी बसवलेल्या जादा ब्रेकवर उजवं पाऊल अलगद धरून ठेवायचं, हे तिचं काम. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, जीव मात्र तिच्या पायात. घाबरट माणसं मुद्दाम तिच्याकडे येत. समोरून बस आली काय नि कुत्रं आडवं गेलं काय, तिचा आवाज कधी चढत नसे. "हं, आता हळूच. घाई कुणाला आहे?" एवढंच ती म्हणायची आणि पाय आपलं काम करून मोकळा व्हायचा.

दुखणं सुरू झालं ते कमरेत. आधी नुसती उसण भरल्यासारखं. मग ते कमरेतून निघून मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या बाजूने थेट पावलात उतरायला लागलं, विजेचा झटका बसावा तसं. गाडीत तासन्‌तास बसून कुणाची कंबर धरत नाही, असं स्वतःलाच समजावत तिने शेकायची पिशवी आणली, पट्टा आणला, औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. नवऱ्याला सांगितलं, "वय झालं आता." स्कूलच्या मालकांना काहीच सांगितलं नाही.

आणि मग दुखणं आपोआप कमी झालं. ताईला हायसं वाटलं. पण त्याच सुमारास उजव्या पायातली चप्पल चालता चालता मागे राहायला लागली. चार पावलं पुढे गेल्यावर कळायचं की पाय अनवाणी आहे. पावलावर हात फिरवला की जाड मोज्यावरून फिरवल्यासारखा वाटायचा. घरात फरशीवर पाऊल फट्‌फट् वाजायचं. हे पहिल्यांदा टिपलं अक्कांनी. अक्का म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून त्या याच घरात राहत होत्या. अक्कांचे कान तिखट, जीभ त्याहून तिखट.

"पाय आपटत काय चालतेस? कुणावर राग काढतेयस?"

"चप्पल सैल झालीये, अक्का."

"घरात कुठे आहे तुझ्या पायात चप्पल?"

ताई काहीतरी पुटपुटत आत निघून गेली. आत जाऊन पलंगावर बसली आणि दोन्ही पायांचे अंगठे वर उचलून पाहिले. डावा टुणकन वर आला. उजवा जागच्या जागी पडून राहिला. थकला असेल, म्हणून तिने पायात मोजा चढवला आणि कामावर गेली.

त्या दिवशी गाडीत गाण्याच्या बाई होत्या. निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि वाटेत पडलेल्या पिशवीलाही भिणाऱ्या. एका अरुंद गल्लीत वळताना पुढे एक रंगारी शिडीवर चढून भिंत रंगवत होता. "आता ब्रेक," ताई म्हणाली. बाईंनी घाबरून ब्रेकऐवजी दुसरंच पेडल दाबलं. गाडीने उसळी घेतली. असं पूर्वी कितीदा तरी झालं होतं, आणि प्रत्येक वेळी ताईचा पाय तिच्या मनाच्या आधी पोचला होता. आज पावलाचा पुढचा भाग वर आलाच नाही. बोटं पेडलच्या कडेखाली अडकली. शिडी जवळ आली. ताईने दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचला. गाडी आचके देत थांबली, शिडीला जेमतेम टेकली, आणि वरून पिवळ्या रंगाचा डबा बॉनेटवर येऊन आपटला.

रंगारी शिडीला मिठी मारून वरूनच ओरडला, "उतरू का खाली, की अजून एकदा येताय?"

गाण्याच्या बाई रडायलाच लागल्या. "मला नाही जमणार हो. माणूस मारला असता मी."

"तुमची चूक नाही," ताई म्हणाली. "तुम्ही शिकताय, तुम्ही चुकणारच. म्हणून तर मी बसते शेजारी. माझा पाय उचलला नाही. पाय उचललाच गेला नाही हो माझा."

हे ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली, आणि तिच्याच कानांना ते ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी नवरा तिला मणक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. मुळात कमी बोलणारा, आणि घाबरला की तोंडाला कुलूपच. डॉक्टर वयाने लहान निघाले, त्यामुळे ताईला आणखीच धास्ती वाटली. त्यांनी तिला टाचांवर चालून दाखवायला सांगितलं. डावी टाच टिकली. उजवीवर पाऊल वर राहीना, पुढे गळून पडत होतं. मग त्यांनी तिच्या उजव्या अंगठ्यावर बोट ठेवलं. "मी खाली ढकलतो, तुम्ही वर ठेवा." अंगठा त्या एका बोटाने असा खाली गेला, जणू तो तिचा नव्हताच.

एमआरआय झाला. डॉक्टरांनी काळ्या-पांढऱ्या चित्रावर पेन टेकवलं. दोन मणक्यांच्या मधे एक गादी असते, ती फाटून तिचा तुकडा मागे सरकलाय आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवर बसलाय, एवढं तिला समजलं. ती मोटार शिकवते हे कळल्यावर डॉक्टर म्हणाले, "क्लचची केबल चिमटली तर काय होतं? पेडल चांगलं, चाक चांगलं, पण निरोप पोचत नाही. केबल तुटलेली नाही तुमची. चिमटलीये."

"पण दुखणं तर कमी झालं होतं मधे."

"त्याचीच मला काळजी आहे. दुखायचं कमी झालं आणि ताकद गेली, म्हणजे नस थकत चाललीये."

"ऑपरेशन करून तुकडा काढला की पाय येईल?"

"दुखणं जाईल, याची बरीचशी खात्री देतो. ताकद येईल अशी आशा आहे, खात्री नाही. जितका उशीर, तितकी आशा कमी. आणि एक नीट ऐका. लघवीची जाणीव कमी झाली, अडकली किंवा आवरेनाशी झाली, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर वाटला, तर मला विचारत बसू नका. उठा आणि इकडे या."

घरी अक्का दारातच वाट बघत होत्या. ऑपरेशन हा शब्द ऐकला आणि त्या मटकन खाली बसल्या. मणक्याचं ऑपरेशन नात्यात एकदा होऊन गेलं होतं. अक्कांच्या यजमानांचं. त्यानंतर ते अंथरुणातून उठले नाहीत, ते शेवटपर्यंत.

"मी काढलंय त्यांचं सगळं," अक्का म्हणाल्या. "हे हात सांगतील तुला. मणक्याला एकदा चाकू लागला की माणूस संपला."

"त्यांना काय झालं होतं नेमकं, अक्का?" ताईने विचारलं.

"मणका."

"मणक्याचं काय पण? गादी सरकली होती? गाठ होती?"

ते अक्कांना माहीत नव्हतं. नवऱ्यालाही माहीत नव्हतं. एवढी वर्षं घरात त्या ऑपरेशनचं नाव निघालं की सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळायचं, पण ते कशाचं होतं, हे कुणीच कधी विचारलं नव्हतं.

मग येणारे-जाणारे सुरू झाले. कुणाची वहिनी मालिशने बरी झाली होती, कुणाचा साडू ऑपरेशन करून पस्तावला होता, कुणी काही न करता नुसतं झोपून ठणठणीत झाला होता. ज्याने त्याने आपापलं माणूस आणून तिच्यासमोर उभं केलं. नवरा मोबाइलमधून मान वर काढेना. काय वाचतोय ते सांगेना, पण जेवताना घास हातातच राहायचा.

"थोडं थांबून बघू या का?" शेवटी तो म्हणाला. "नाहीतर हे करायचं आणि वर..."

व्हीलचेअर हा शब्द दोघांच्या मधे येऊन बसला.

"अहो," ताई म्हणाली, "लिफ्टचा दोर चिमटलेला दिसला तर तुम्ही थांबून बघता?"

"नाही."

"काय करता?"

"लिफ्ट बंद करतो," तो म्हणाला आणि उठून गॅलरीत गेला. परत आला तेव्हा डोळे लाल होते. "कधी जायचं?" एवढंच त्याने विचारलं.

ताईने लोकांना धीर देण्यात हयात घालवली होती. पण ऑपरेशनच्या सकाळी, ढकलत नेणाऱ्या खाटेवर पडल्या पडल्या, तिला स्वतःला देता येईल असं एकही वाक्य सुचेना. वर दिव्यांमागून दिवे सरकत होते. संसर्ग होऊ शकतो, नसेला इजा होऊ शकते, नसेभोवतीचं आवरण फाटून पाणी झिरपू शकतं, तुकडा पुन्हा सरकू शकतो, हे सगळं डॉक्टरांनी आदल्या दिवशी समजावलं होतं, आणि तिने समजूतदारपणे मान हलवली होती. आता त्यातला एकेक शब्द छातीवर चढून बसला. आतली खोली गार होती. भूल देणाऱ्या बाईंनी विचारलं, "काम काय करता?" ताईने सांगितलं. "अरे वा! मला अजून मागे घ्यायला जमत नाही गाडी," बाई म्हणाल्या. "आरशात बघायचं, आणि..." ताई सांगायला लागली. आणि काय, ते सांगायचं राहून गेलं.

शुद्ध आली तेव्हा सगळ्यात आधी तिला एक शांतता जाणवली. मांडीच्या मागे, पोटरीत, जिथे महिनोन्‌महिने कमी-जास्त ठणका होता, तिथे काहीच नव्हतं. पाठीत खालच्या बाजूला जखम चुरचुरत होती, बस्स. तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मग तिने चादरीखाली उजवा अंगठा हलवायचा प्रयत्न केला.

हलला नाही.

पुन्हा केला. दात-ओठ खाऊन केला. घाम फुटला. डावा हलत होता, उजवा मेलेल्यासारखा. नर्स सलाइन बघायला आली. "पाय गेला हो माझा," ताई म्हणाली. नर्सने तिच्या पोटरीला, मांडीला, तळव्याला हात लावून विचारलं, "इथे कळतंय? इथे? टाच खाली दाबा." टाच दाबली गेली. "मग गेला कुठे? आहे की!" नर्स हसून म्हणाली, पण ताईला ते हसू झोंबलं.

डॉक्टर फेरीला आले. तुकडा निघाला, नस मोकळी झाली, सगळं मनासारखं झालं, असं म्हणाले. "पण एवढे दिवस दबलेली नस आहे. लगेच कामाला नाही लागणार. आठवडे लागतील, कदाचित महिने. पाऊल गळून पडू नये म्हणून तोवर पायाला प्लॅस्टिकची पट्टी देतो."

"आणि नाहीच आली तर?"

"तर पट्टी घालून चालाल. पण आजच तिथपर्यंत जाऊ नका."

ताई मनाने तिथे पोचलीसुद्धा होती. प्लॅस्टिकच्या पट्टीतला पाय, गाडीतली आपली सीट, आणि त्या सीटवर दुसरंच कुणीतरी.

तरी दवाखान्यातल्या लोकांनी तिला दुसऱ्या दिवशी उभं केलं. उठायची रीत शिकवली: आधी कुशीवर वळायचं, खांदे आणि कंबर एकदम, लाकडाचा ओंडका वळावा तसं, मग पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देत उठायचं. वाकायचं नाही, पीळ पडू द्यायचा नाही, जड उचलायचं नाही, फार वेळ बसायचं नाही. चालायचं मात्र रोज, थोडं थोडं वाढवत. वॉकर धरून दारापर्यंत गेली तेव्हा नवरा मागून दोन्ही हात पसरून चालत होता, काचेचं सामान न्यावं तसा.

घरी आल्यावर कारभार अक्कांच्या हाती गेला. ऑपरेशन करू नको म्हणणाऱ्या त्याच होत्या, आणि "मी सांगितलं होतं" हे त्या दिवसातून एकदा तरी ऐकवत. पण ताईचा हात खाली पडलेल्या रुमालाकडे गेला रे गेला की बाहेरच्या खोलीतून आवाज येई, "वाकलीस तर याद राख!" त्यांनी कुठूनतरी लांब दांड्याचा चिमटा पैदा केला होता. तो घेऊन त्या घरभर फिरत आणि पडलेलं काहीही टिपत. भेटायला आलेली माणसं खाटेच्या कडेवर बसायला लागली की चिमटा त्यांच्याकडेही वळे.

सगळं सुरळीत चाललं आहे असं वाटायला लागलं आणि एका दुपारी ताईला शिंक आली. नेहमीची, साधी शिंक. कमरेत सणक भरली, आणि थोड्याच वेळात तोच जुना ठणका मांडीच्या मागून खाली उतरायला लागला. सरकली. पुन्हा सरकली. एवढं सोसून पुन्हा तिथेच. नवरा कामावर होता. "अक्का!" ती ओरडली.

अक्का आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. क्षणभर ताईला वाटलं, आता याच कोसळतात. पण त्यांनी खाटेचा कठडा घट्ट धरला आणि विचारायला सुरुवात केली. "लघवीला कधी गेली होतीस? कळत होतं? मांड्यांच्या मधे बधिर वाटतंय? ताप आहे? कूस वळव, जखम बघू दे. ओली नाहीये. पाऊल होतं त्याहून ढिलं पडलंय का?"

डॉक्टर बोलत होते तेव्हा अक्का तिथे नव्हत्या. नवऱ्याने घरी येऊन सांगितलेलं त्यांनी, भाजी निवडता निवडता, ऐकतही नाही असं दाखवत, सगळं पाठ केलं होतं.

दवाखान्यात फोन झाला. या म्हणाले. नवरा कामावरच्याच कपड्यांत धावत आला. गाडीत ताईने डोळे मिटून घेतले होते, आणि अक्कांनी तिचा हात इतका आवळून धरला होता की बोटं दुखायला लागली.

डॉक्टरांनी नीट तपासलं. ताकद होती तेवढीच होती, घटली नव्हती. मोकळी झालेली नस सुजते, चिडते, मधेच असा ठणका देते, असं त्यांनी सांगितलं. गोळ्या दिल्या, चार दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. "आणि शिंक आली तर पोटाशी उशी धरा."

जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. ठणका दोन-तीन दिवसांत ओसरला, पण त्यानंतर ताई शिंकेला भ्यायला लागली, खोकल्याला भ्यायला लागली, पायरीला भ्यायला लागली. गाडीतल्या सगळ्या घाबरट माणसांची भीती जणू एकदम तिच्या वाटेला आली. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणायची, "अंगठा हलत नसला तरी हलवतेय असं मनात आणा. निरोप पाठवत राहा." ताई निरोप पाठवत राही. तिकडून उत्तर नव्हतं.

तिला वाकता येत नव्हतं, म्हणून पायाची नखं नवरा कापायचा. एका सुटीच्या सकाळी तो खाली पाट घेऊन बसला, चष्मा नाकावर, तिचं उजवं पाऊल मांडीवर. लिफ्टचे बारीक स्क्रू हाताळणारी बोटं, पण नख कापताना जीभ दातांत धरायचा. मधेच थांबला.

"हलवू नकोस ना. लागेल."

"मी कुठे हलवतेय?"

त्याने नेलकटर बाजूला ठेवला.

"आता हलव," तो म्हणाला.

तिने निरोप पाठवला. तिला स्वतःला काहीच जाणवलं नाही. पण त्याचा अंगठा तिच्या अंगठ्यावर होता. "आहे," तो म्हणाला. "ढकलतोय. अगं, ढकलतोय तो!"

"मला बरं वाटावं म्हणून म्हणताय."

"अक्का!"

अक्का चिमट्यासकट आल्या. चिमटा ठेवला, चष्मा शोधला, पावलाजवळ वाकल्या. अंगठा इतका थोडा उचलला की तो उचलला असं म्हणायला धाडसच लागलं असतं. "हं," अक्का म्हणाल्या. मग एकदम उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ काहीतरी धूत राहिल्या.

तिथून पुढे पाय आला, पण मुंगीच्या पावलाने. आधी अंगठा, मग पाऊल. एखादा दिवस पुढे, मग आठवडाभर आहे तिथेच. पट्टी सुटली तेव्हा ऋतू बदलला होता. अंगठा मात्र पूर्ण आला नाही. डाव्याच्या मानाने तो आळशीच राहिला, आणि पावलावरचा एक पट्टा अजूनही मोज्यासारखा लागतो.

कामावर परतायची घाई तिने केली नाही, मालकांनीही करू दिली नाही. डॉक्टरांनी ताकद तपासून हो म्हटल्यावरच ती गाडीत बसली, तेही आधी मोकळ्या आवारात. मालक स्वतः स्टिअरिंगवर बसून न सांगता गाडी पळवायचे आणि ती ब्रेक मारायची. मालक अगदी कंटाळेपर्यंत तिने ते करून घेतलं. आता ती शिकवते, पण सलग बसत नाही. एक शिकाऊ झाला की उतरून आवाराला फेऱ्या मारते. समोर काही आडवं आलं तर "हं, आता हळूच" तेच आहे. फक्त ते म्हणताना ती बुटात अंगठा एकदा उचलून बघते, ते शेजारच्याला दिसत नाही.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी तिला टाचांवर चालवलं, अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, "छान."

"पुढची तारीख?" तिने विचारलं.

"तारीख नाही. काही वाटलं तर या, नाहीतर नको."

ती खुर्चीतून उठेना. इतके महिने पुढची तारीख धरून ती दिवस काढत आली होती. शेवटी डॉक्टरच उठले आणि त्यांनी दार उघडून धरलं.

बाहेर नवरा थांबला होता. "काय म्हणाले?"

"येऊ नका म्हणाले."

"मग रडतेस कशाला?"

"काय माहीत," ताई म्हणाली. तिने कठडा धरला आणि एकेक पायरी बघत खाली उतरली.